दिवसाला १५ प्रदक्षिणा घालणारा उपग्रह साताऱ्यातून तीन-चार वेळाच का दिसतो?

यवतेश्वर_पायथा:

नमस्कार. मी साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. विज्ञान मंडळाच्या मुलांसह आम्ही गच्चीवर १३७ मेगाहर्ट्‌झसाठी व्ही-डायपोल अँटेना उभारला असून, लहानसा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) रिसीव्हर आणि लॅपटॉप यांच्या साहाय्याने रशियाच्या मेटिऑर-एम मालिकेतील हवामान उपग्रहांची चित्रे घेतो. पुढील वर्षी ४३७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलणारे विद्यार्थी-उपग्रह ऐकण्याचा विचार आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' हे दोन्ही २०१६ साली पीएसएलव्हीने कक्षेत गेले, हे मुलांना ठाऊक असल्यामुळे त्यांचा उत्साह मोठा आहे.

आता अडचण अशी की, मुलांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे माझे उत्तर मलाच अपुरे वाटते. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण ९५ मिनिटांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो, म्हणजे दिवसाला १५ पेक्षा थोड्या अधिक. असे असताना तो आपल्या स्थानकाला दिवसातून तीन किंवा चार वेळाच का दिसतो? शिवाय हे पास, म्हणजे उपग्रह आकाशातून दिसत जाण्याच्या फेऱ्या, दिवसभर सारख्या अंतराने विखुरलेले नसतात. सकाळी दीड तासाच्या अंतराने दोन येतात, मग दहा-दहा तास काही नाही, आणि रात्री पुन्हा दोन. त्यातही एखादा पास दहा मिनिटे टिकतो, तर दुसरा तीन मिनिटांतच संपतो. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, एवढे सांगून मी वेळ मारून नेली. परंतु अकरावीच्या मुलांना कागदावर मांडून दाखवता येईल असा हिशेब कोणी समजावून सांगेल का?

कक्षागणित:

सर, हिशेब त्रिकोणमितीच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे अकरावीला तो निश्चित झेपेल. दोन लांबी काढायच्या आणि त्यांची तुलना करायची, एवढाच तो आहे.

पहिली लांबी म्हणजे उपग्रह जिथून दिसू शकतो त्या वर्तुळाचा आकार. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आणि उपग्रहाची उंची ५०० किलोमीटर धरली, तर पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन ६,३७१ भागिले ६,८७१, म्हणजे ०.९२७ येतो आणि कोन २२ अंश. याचा अर्थ असा की, उपग्रह ज्या बिंदूच्या बरोबर डोक्यावर आहे त्या बिंदूपासून सुमारे २,४५० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळातील प्रत्येक ठिकाणाहून तो त्या क्षणी क्षितिजाच्या वर असतो. हे वर्तुळ उपग्रहाबरोबर जमिनीवरून सरकत जाते. सातारा त्याच्या आत असेपर्यंत आपला पास चालू, बाहेर पडला की संपला.

दुसरी लांबी म्हणजे एका प्रदक्षिणेनंतर उपग्रहाचा मार्ग जमिनीवर किती पश्चिमेला सरकतो ती. उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल पृथ्वीबरोबर फिरत नाही. त्याच्याखाली पृथ्वी मात्र तासाला १५ अंश पूर्वेकडे वळते. साडेचौऱ्याण्णव मिनिटांत हे वळण २३.६ अंशांच्या आसपास होते, म्हणजे विषुववृत्तावर जवळजवळ २,६३० किलोमीटर. साताऱ्याच्या अक्षांशावर ते अंतर २,५०० किलोमीटरच्या घरात येईल.

आता वर्तुळाचा व्यास ४,९०० किलोमीटर आणि लगतच्या दोन मार्गांमधले अंतर २,५०० किलोमीटर, म्हणजे लागोपाठचे साधारण दोन मार्ग सातारा आपल्या वर्तुळात घेतात. उरलेल्या प्रदक्षिणांत उपग्रह अटलांटिकवर, अमेरिकेवर, प्रशांत महासागरावर असतो आणि तिथून तो आपल्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. ध्रुवांच्या जवळून जाणाऱ्या कक्षेत उपग्रह प्रत्येक प्रदक्षिणेत आपला अक्षांश दोनदा ओलांडतो, एकदा उत्तरेकडे जाताना आणि एकदा दक्षिणेकडे येताना. सातारा कक्षेच्या एका बाजूखाली असतो तेव्हा दोन पास मिळतात आणि १२ तासांनी पृथ्वी अर्धी वळून तो दुसऱ्या बाजूखाली आला की आणखी दोन. आपल्याला जी सकाळची आणि रात्रीची जोडी दिसते, ती ही. मधली दहा तासांची पोकळीही याच हिशेबातून निघते.

पासचा कालावधी याच वर्तुळावरून काढता येतो. उपग्रह डोक्यावरून गेला तर वर्तुळाचा पूर्ण व्यास, म्हणजे कक्षेचे ४४ अंश, आपल्या वाट्याला येतात आणि साडेअकरा मिनिटे मिळतात. तो पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून दूरवरून गेला, तर वर्तुळाची एखादी आखूड जीवाच आपल्यावरून सरकते आणि तीन-चार मिनिटांत सगळे आटोपते. मुलांना कागदावर एक वर्तुळ काढून त्यात समांतर जीवा आखायला सांगा. कुठल्या जीवेची लांबी किती, हे मोजले की कालावधीचे सगळे कोडे सुटते.

उंची वाढली की दोन्ही लांबी वाढतात, पण सारख्या प्रमाणात नाही. मेटिऑर ८२० किलोमीटरच्या आसपास असतो. तिथे वर्तुळाची कोनीय त्रिज्या २७ अंशांच्या पुढे जाते, मार्ग मात्र २५ अंशांच्या आसपासच सरकतो. त्यामुळे आपल्याला मेटिऑरचे चार ते पाच पास मिळतात आणि डोक्यावरचा पास पंधरा मिनिटे टिकतो.

तरंगलांबी_पुणे:

वरील गणित बरोबर आहे, परंतु ते समुद्रासारख्या सपाट क्षितिजाचे गणित आहे. सातारा शहराला असे क्षितिज लाभलेले नाही. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला जरंडेश्वर. गच्चीपासून एक किलोमीटरवर गच्चीपेक्षा ३०० मीटर उंच डोंगर उभा असेल, तर त्या दिशेचे जवळजवळ १७ अंश आकाश तुम्ही गमावलेच म्हणून समजा.

हे नुकसान किरकोळ नसते, कारण उपग्रहाच्या पासचा मोठा भाग क्षितिजाजवळच घडतो. वरच्याच ५०० किलोमीटरच्या उपग्रहाचे आकडे मी साताऱ्याच्या अक्षांशासाठी काढले. क्षितिजापासून मोजले तर सरासरीने दिवसाला चार पास मिळतात. निदान १० अंश उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनात मोजलेली उंची) गाठणारे पास मोजले तर अडीच, २० अंश गाठणारे पावणेदोनच्या खाली आणि ३० अंशांच्या वर जाणारे सव्वाच्या आसपास. म्हणजे तीस अंशांची अट घालताच दोन-तृतीयांशांहून अधिक पास यादीतून गळतात. डोक्यावरून जाणाऱ्या उत्तम पासचाही १० अंशांच्या वरचा भाग साडेसात मिनिटांचा आणि ३० अंशांच्या वरचा भाग साडेतीन मिनिटांचाच असतो. अंदाज सांगणारे सॉफ्टवेअर मात्र शून्य अंशापासूनची वेळ दाखवत राहते आणि 'उपग्रह आला, पण ऐकू आला नाही' अशी तक्रार मग आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींकडे येते.

त्यात दिशेचाही विचार करावा लागतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्यामुळे जोडीतला पहिला पास तुमच्या पूर्वेकडून आणि दुसरा पश्चिमेकडून जातो. पहिला डोक्याजवळून गेला, तर दुसरा पश्चिम क्षितिजालगत सरकतो आणि यवतेश्वराच्या मागे लपतो. दक्षिणेकडून वर येणाऱ्या पासची सुरुवात अजिंक्यतारा खाऊन टाकतो. उत्तरेकडून खाली येणाऱ्या पासचा शेवट तोच खातो. म्हणून माझी सूचना अशी की, मुलांकडून आधी गच्चीच्या क्षितिजाचा आलेख काढून घ्यावा. कोनमापक, ओळंबा आणि होकायंत्र घेऊन दर १० अंश दिगंशाला (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेच्या कोनाला) डोंगराचा किंवा इमारतीचा उन्नतांश टिपला की एका दुपारचे काम होते, आणि पुढचे वर्षभर कोणता पास ऐकण्यासारखा आहे हे त्या आलेखावरूनच ठरवता येते.

क्षितिजाजवळच्या मिनिटांबाबत आणखी एक गोष्ट. डोक्यावर असताना उपग्रह ५०० किलोमीटरवर असतो, तर क्षितिजावर तो २,५७० किलोमीटरवर असतो. अंतर पाचपट वाढल्यामुळे संदेशाची शक्ती पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी होते. त्यावर झाडे, शेजारची पत्र्याची शेड आणि शहरातला विद्युत गोंगाट यांची भर पडते. पाच अंशांखालची मिनिटे विद्यार्थ्यांच्या अँटेनासाठी धरूच नयेत, असे माझे मत आहे.

यवतेश्वर_पायथा:

दोघांचेही आभार. जीवांची आकृती फळ्यावर उत्तम उतरली आणि क्षितिजाच्या आलेखाचे काम एका गटाने मागूनही घेतले आहे.

यातून दोन नवे प्रश्न निघाले. एका विद्यार्थिनीचे वडील द्राक्षबागायतदार आहेत. तिने विचारले की, रिसोर्ससॅटसारखा भारतीय उपग्रह आपल्याकडे रोज तीन-चार वेळा दिसत असेल, तर आपल्या बागेचे उपग्रहचित्र रोज का मिळत नाही? दुसरा प्रश्न माझा. प्रत्येक प्रदक्षिणेत आपल्याला दिसेल असा एखादा उपग्रह, किंवा उपग्रहाची प्रत्येक प्रदक्षिणा पाहू शकेल असे एखादे स्थानक असू शकते का?

दूरसंवेदक:

मी या क्षेत्रात काम केलेले असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याचा अर्धा भागही त्यातच येईल.

स्थानकाला उपग्रह दिसणे आणि उपग्रहाच्या कॅमेऱ्याला तुमचे शेत दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बातम्यांमध्ये त्यांची नेहमी गल्लत होते. रिसोर्ससॅट-२ हा २०११ सालच्या एप्रिलमध्ये सोडलेला उपग्रह ८१७ किलोमीटर उंचीवरून जातो. हैदराबादजवळच्या शादनगर येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या स्थानकाला तो कामापुरत्या उन्नतांशावर दिवसाला साधारण चार वेळा भेटतो, दोनदा दिवसा आणि दोनदा रात्री. शादनगर आणि सातारा यांचे अक्षांश जवळपास सारखे असल्यामुळे आपल्याकडचा आकडाही तोच समजावा. परंतु या उपग्रहाचा लिस-३ हा कॅमेरा सुमारे १४० किलोमीटर रुंदीचाच पट्टा टिपतो. उपग्रह नागपूरवरून जात असताना त्याचा संदेश साताऱ्यात ऐकू येईल. बाग मात्र त्या पट्ट्यात नसेल. २४ दिवसांत ३४१ प्रदक्षिणा झाल्या की उपग्रह पुन्हा त्याच मार्गावर येतो, म्हणून लिस-३ चे चित्र २४ दिवसांनी मिळते. त्याच उपग्रहावरचा ॲविफ्स कॅमेरा ७४० किलोमीटरचा पट्टा टिपत असल्यामुळे तो पाच दिवसांत परत येतो, पण त्याचे चित्र अधिक ढोबळ असते. रात्रीचे दोन पास तर परावर्तित सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या या कॅमेऱ्यांच्या काहीच उपयोगाचे नाहीत. त्या वेळी साठवलेली माहिती उतरवून घेता येते, एवढेच.

आता प्रत्येक प्रदक्षिणा पाहू शकणाऱ्या स्थानकाविषयी. ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांचे सगळे मार्ग ध्रुवांजवळ एकत्र येतात, त्यामुळे स्थानक ध्रुवाजवळ नेले की पास वाढत जातात. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातले स्थानक ७८ अंश उत्तरेला आहे. ध्रुवापासून त्याचे कोनीय अंतर १२ अंशांहून थोडे कमी आणि रिसोर्ससॅटसारखा उपग्रह ध्रुवापासून पावणेनऊ अंशांवरून जातो. उपग्रह ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूने गेला तरी दोन्हींची बेरीज साडेवीस अंश होते, आणि पाच अंश उन्नतांशाची अट घातली तरी या उंचीवरच्या दृश्यतावर्तुळाची (उपग्रह जिथून दिसतो त्या वर्तुळाची) त्रिज्या २३ अंश असते. म्हणून दिवसातल्या चौदाही प्रदक्षिणा तिथून दिसतात. जगभरातल्या भूनिरीक्षण उपग्रहांचे चालक त्या बर्फाळ पठारावर अँटेना उभारतात, याचे कारण हे आहे. भारताने अंटार्क्टिकामधील भारती तळावर, ६९ अंश दक्षिणेला, २०१३ पासून आपले स्थानक चालवले आहे. तिथे ही बेरीज २९ अंशांच्या पुढे जात असल्यामुळे काही प्रदक्षिणा निसटतात, तरीही शादनगरच्या तुलनेत पास कितीतरी अधिक मिळतात.

पासची नुसती संख्या मोजत बसण्यापेक्षा मिनिटांची बेरीज करावी, असे मात्र मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ५०० किलोमीटरवरच्या विद्यार्थी-उपग्रहाला पाच अंशांची मर्यादा लावली, तर साताऱ्यात दिवसाला सरासरी सव्वातीन पास आणि प्रत्येकी सात मिनिटे धरून एकूण २३ मिनिटे मिळतात. दिवसाची मिनिटे १,४४०. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने ती २३ मिनिटे एकही बिट न गमावता वापरली, तरी दीड मेगाबाइटच्या थोडी पुढे एवढीच माहिती खाली येते. उपग्रहावर कोणता कॅमेरा ठेवायचा, याचा निर्णय पुष्कळदा या आकड्यापाशीच होतो. महाविद्यालयांचे उपग्रह तयार करणारे संघ अँटेनाच्या भूमितीकडे फार उशिरा वळतात, असा माझा अनुभव आहे.

कक्षागणित:

सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग मी घेतो. प्रत्येक प्रदक्षिणेत आपल्याला दिसणारा उपग्रह असू शकतो, आणि तो भारताचाच आहे.

ॲस्ट्रोसॅट ही भारताची खगोलवेधशाळा २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी सहा अंशांचाच कल असलेल्या कक्षेत सोडण्यात आली. तो उपग्रह सहा अंश उत्तर आणि सहा अंश दक्षिण यांच्यामध्येच फिरत राहतो. ६५० किलोमीटरवरून दृश्यतावर्तुळाची त्रिज्या जवळपास २५ अंश येते. बंगळूरु १३ अंश उत्तरेला. उपग्रह आपल्या कक्षेच्या दक्षिण टोकाशी असला तरी अंतर १९ अंशांपलीकडे जात नाही, म्हणजे भूमितीच्या दृष्टीने तो तिथून प्रत्येक फेरीत पाच अंशांच्या वर येतो. साताऱ्यासाठी हेच अंतर २३.७ अंशांपर्यंत जाते. सपाट क्षितिज असते तर तो आपल्यालाही प्रत्येक फेरीत दिसला असता, जरी कधी कधी क्षितिजाच्या अंशभरच वर. आणि श्रीनगरहून, ३४ अंश उत्तरेला, तो कधीच दिसत नाही, कारण उपग्रह उत्तर टोकाशी असतानाही २८ अंश दूर असतो. एकच उपग्रह एकाच देशातल्या एका शहराला दिवसभर भेटत राहतो आणि दुसऱ्याला जन्मात भेटत नाही. उपग्रहाचा वेग दोन्हीकडे तोच. ठरवतात ते कक्षेचा कल आणि स्थानकाचा अक्षांश.

इथे मुलांना आवडेल अशी एक बारीक गोष्ट आहे. ॲस्ट्रोसॅट दिवसाला पावणेपंधरा प्रदक्षिणा करतो, पण बंगळूरुवरून त्याच्या फेऱ्या पावणेचौदाच मोजल्या जातात. तो पृथ्वीच्याच दिशेने, पूर्वेकडे, जात असल्यामुळे प्रत्येक फेरीत त्याला पुढे सरकलेले शहर गाठावे लागते आणि दिवसाकाठी बरोबर एक फेरी कमी भरते. घड्याळाच्या मिनिटकाट्याने तासकाट्याला गाठण्याचे उदाहरण शाळेत सोडवलेले असते, तेच हे गणित.

या दोन टोकांच्या मधले उदाहरण म्हणजे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. त्याचा कल ५१.६ अंश आणि उंची सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. साताऱ्याचा अक्षांश ते तिरक्या मार्गाने ओलांडत असल्यामुळे क्षितिजावर दिवसाला सुमारे पाच पास मिळतात. ५० अंश उत्तरेच्या आसपासच्या युरोपीय शहरांत मात्र त्याचा मार्ग वळण घेताना अक्षांशाला समांतर होतो आणि लागोपाठ पाच-सहा प्रदक्षिणा तिथून दिसतात. त्याच्या पासच्या वेळाही स्थिर राहत नाहीत. कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या विषुववृत्तीय फुगवट्यामुळे हळूहळू पश्चिमेकडे वळत असल्याने पासचा गट रोज सुमारे २४ मिनिटे आधी येतो आणि दोन महिन्यांत घड्याळाची पूर्ण फेरी करतो. सूर्याशी जुळवलेल्या ध्रुवीय कक्षांत हाच फुगवटा प्रतलाला दिवसाला जवळजवळ एक अंश पूर्वेकडे वळवतो, म्हणूनच मेटिऑर किंवा रिसोर्ससॅट यांच्या जोड्या वर्षभर त्याच सुमारास येतात. शाळेच्या वेळापत्रकासाठी असे उपग्रह सोयीचे.

भूस्थिर उपग्रहांना हा सगळा हिशेब लागू नाही. ३५,७८६ किलोमीटरवरचा इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे जवळजवळ आपल्याच रेखांशावर असून, साताऱ्याच्या दक्षिण आकाशात ६८-६९ अंश उंचीवर तो दिवसरात्र तिथेच असतो. अजिंक्यताराही त्याच्या आड येत नाही.

तरंगलांबी_पुणे:

कक्षागणित यांनी वेळा स्थिर राहतात असे लिहिले आहे, त्याला एक जोड द्यावीशी वाटते. 'त्याच सुमारास' याचा अर्थ 'त्याच मिनिटाला' असा घेऊ नये. मेटिऑरचा सकाळचा पास आज डोक्यावरून गेला, तर उद्या तो पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे झुकलेला असेल आणि त्याची वेळ अर्ध्या-पाऊण तासानेही बदललेली असेल. म्हणून रोजचा अंदाज ताज्या कक्षाघटकांवरून, म्हणजे कक्षेचे वर्णन करणाऱ्या आकड्यांवरून, काढावा. सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळतात आणि जीप्रेडिक्टसारखे सॉफ्टवेअर ते स्वतः उतरवून घेते. खालच्या कक्षेत वातावरणाचा विरळ थर उपग्रहाला खेचत असतो, त्यामुळे महिन्याभरापूर्वीच्या घटकांवर अवलंबून राहिल्यास वेळ चुकत जाते. सूर्य सक्रिय असलेल्या काळात अधिकच.

मुलांना 'स्वयम्'ची ओढ आहे म्हणून हेही सांगतो. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एकाच उड्डाणात २० उपग्रह सोडले, त्यात तो होता. अशा उड्डाणानंतरचे पहिले काही दिवस कक्षाघटकांच्या यादीतला कोणता क्रमांक कोणत्या उपग्रहाचा, हेच नक्की नसते. तेव्हा डॉप्लरचा, म्हणजे उपग्रहाच्या गतीमुळे वारंवारतेत होणाऱ्या बदलाचा, उपयोग होतो. ४३७ मेगाहर्ट्‌झवर उपग्रह जवळ येताना वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्‌झने वर आणि दूर जाताना तेवढीच खाली सरकलेली असते. ती मूळ वारंवारतेला ज्या क्षणी छेदते, तो क्षण उपग्रह आपल्याला सर्वांत जवळ असल्याचा. तो क्षण नोंदवून अंदाजाशी ताडून पाहिला की आपण ऐकतो तो कोणाचा आवाज, हे कळते. हा प्रयोग मेटिऑरवरही करता येईल, मात्र त्याच्या रुंद डिजिटल संदेशात मध्य शोधण्यासाठी थोडी नजर बसावी लागते.

आणि सॉफ्टवेअरमध्ये स्थानिक वेळ निवडली आहे ना, हे आधी तपासून घ्यावे. अनेक संकेतस्थळे जागतिक वेळच दाखवतात, आणि साडेपाच तासांच्या या फरकामुळे मुले रिकाम्या आकाशाकडे अँटेना धरून बसल्याचे मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे. ऐकण्यापुरते हे सगळे ठीक. उपग्रहावरून उलट बोलायचे असेल, तर हौशी रेडिओचा परवाना आधी काढावा लागेल. बारावीची परीक्षा संपल्यावर मुलांनी परवान्याच्या परीक्षेची तयारी केली तर आमच्या क्लबकडून कोणी ना कोणी साताऱ्याला येऊ शकेल.